वाटणीच्या भिंतीत स्पीकर : नवशिक्यांसाठी सोपी कृती

ज्यांनी आजवर भिंतीत कालनिर्णयच्या खिळ्याखेरीज काहीच बसवलेलं नाही, त्यांच्यासाठी ही कृती आहे. स्पीकर भिंतीत गाडायचा, वरून रंग मारायचा, आणि पाहुण्यांनी "आवाज कुठनं येतोय?" म्हणत आढ्याकडे बघायचं, एवढाच या खटाटोपाचा हेतू. लागणारा वेळ : खोक्यातल्या कागदाप्रमाणे एक दुपार, घोडेगावात आखाड ते दिवाळी.

साहित्य फार नाही. साडेसहा इंची, आठ ओहमच्या स्पीकरची जोडी पुण्यात तपकीर गल्लीत बघावी. तिथे 'भिंतीतला' म्हटलं की दुकानदार आधी छतातला दाखवतो, मग बाथरूममधला, आणि आपण उठायला लागलो की आपल्याला हवा असलेला. वायर, पाईप, स्क्रू आणि सिलिकॉन गावात मिळतं. रॉकवूलचे गठ्ठे कांदा गुलटेकडीला टाकून रिकाम्या परतणाऱ्या पिकअपमधून आणावेत, परतीचं भाडं कमी पडतं. घरी आल्यावर गठ्ठ्यांना चिकटलेली कांद्याची फोलपटं झटकायला विसरू नका. मी विसरलो. अजून दमट दिवशी माझ्या भिंतीला किंचित मंचरच्या मार्केटचा वास येतो.

पायरी पहिली : भिंत ठोकून पाहा

खोक्यातला कागद सांगतो की भिंतीवर टकटक करत जा, पोकळ आवाज येईल तिथे कापा. ज्याने हे लिहिलं त्याच्या देशात भिंत म्हणजे लाकडाची चौकट आणि दोन्ही अंगांनी ठोकलेला जिप्समचा बोर्ड. दर सोळा इंचांवर एक उभं लाकूड, मधली पोकळी फुकट. आपल्याकडे पोकळ आवाजाचे अर्थ वेगळे. एक तर गिलावा सुटलाय, नाहीतर आत घूस राहते. तिसरा अर्थ सगळ्या गावाला ठाऊक असतो, म्हणून कुणी मोठ्याने बोलत नाही.

मी रात्री साडेनऊला, घरातला टीव्ही बंद झाल्यावर, हातोडीच्या दांड्याने माजघराची भिंत ठोकत, कान लावून हात-हात पुढे सरकत होतो. ती अमावास्या होती हे मला सकाळी टपरीवर कळलं. एकाने चहा पुढे करत हळूच विचारलं, "लागलं का काही हाताला?" दुसऱ्याचा प्रश्न जास्त नेमका होता : हंडा तांब्याचा का पितळेचा? तेव्हा ठोकायचं ते दिवसाढवळ्या, दार उघडं ठेवून, आणि शक्यतो शुक्ल पक्षात.

घरातल्या वडीलधाऱ्यांची परवानगीही याच पायरीवर काढून घ्यावी. आमच्या आजीचा आक्षेप तात्त्विक होता. "भिंत बोलती होय कुठं?" मी म्हटलं, "आजी, माउलींनी आळंदीला भिंत चालवली. पैठणला रेडा बोलता केला. त्या रेड्याची समाधी तर आपल्या शेजारी आळ्याला आहे. मग भिंत बोलली तर काय बिघडलं?" आजी जात्याच हजरजबाबी. "माउलींनी रेड्याच्या डोक्यावर हात ठेवला व्हता. तू कशावर ठिवणार?"

भिंत फोडायच्या ब्रेकरवर, असं म्हणण्याचा मोह आवरावा.

पायरी दुसरी : भिंतीची जात ओळखा

गावठाणातल्या जुन्या घरात साधारण तीन प्रकारच्या भिंती भेटतात. पहिली बाहेरची, दगड-मातीची, दोन फूट जाडीची, पावसाची झड अंगावर घेणारी. हिला हात लावू नका. एक तर तिचा एक दगड काढला की शेजारचे चार आपणहून यायला निघतात. दुसरं म्हणजे आषाढ-श्रावणात ती ओल पिते, आणि स्पीकरचा पडदा कागदी असला तर पोळ्यापर्यंत त्यावर बुरशी धरते. पण खरं कारण असं, की या भिंतीत स्पीकरची सोय आपल्या पणजोबांनी करूनच ठेवली आहे. तिला कोनाडा म्हणतात.

आमच्या घरात रेडिओ कोनाड्यातच बसायचा. पुढे टेपरेकॉर्डर आला, तो बिघडला, त्याचा स्पीकर तेवढा जिवंत राहिला, तेव्हा कुणीतरी कोनाड्यात माठ ठेवून त्याच्या तोंडावर तो स्पीकर उताणा घातला. ज्यांनी हा प्रयोग ऐकलाय त्यांना माहीत आहे, चार इंची मरतुकड्या स्पीकरला एकदम ढोलकीचा आवाज फुटतो. कारण साधं आहे. स्पीकरचा पडदा पुढे जातो तेव्हा मागची हवा विरळ होते. उघड्या स्पीकरमध्ये पुढची दाबलेली हवा कडेने वळून मागे जाते, दोन्ही मिळून एकमेकींना खाऊन टाकतात, आणि त्यात जाड आवाज आधी मरतो. माठाने मागची हवा कोंडली, की पुढची मोकळी सुटते. वर माठाच्या पोटातली हवा स्वतःच्या सुरात घुमते ती वेगळीच. साडेसहा इंची स्पीकरला भिंतीत जी पेटी लागते, ती म्हणजे हाच माठ, फक्त चौकोनी. चौदा इंच रुंद, चोवीस इंच उंच, चार इंच खोल : बावीस लिटर हवा. पाण्याचा मोठा हंडा भरेल एवढी. इतकं सगळं वाचून तुम्ही कोनाड्यात माठ ठेवून मोकळे झालात, तर ही कृती इथेच संपली. आमच्याकडे बायको म्हणाली की हॉलमध्ये माठ दिसता कामा नये.

दुसरी भिंत नऊची, पक्क्या विटांची. चार इंच खोदले तरी मागे चांगली साडेचार-पाच इंच उरते. हीच आदर्श भिंत. ती घरात नेहमी अशा जागी असते जिथे खिडकी, कपाट, देव्हारा आणि इन्व्हर्टर आधीच येऊन बसलेले असतात.

तिसरी वाटणीची भिंत. भाऊ वेगळे झाले की माजघराच्या मधोमध जी उभी राहते ती. हिच्यासाठी दोघांपैकी एकालाही एक वीट जास्त घालायची नसते, म्हणून ती कायम साडेचारचीच असते. ज्या दोन घरांना एकमेकांचा आवाज सगळ्यात जास्त नको असतो, त्यांच्यामध्ये गावातली सगळ्यात पातळ भिंत असते. आणि दिवाणासमोरची भिंत, जिथे टीव्ही लागतो, ती हीच. म्हणजे स्पीकरही इथेच.

पायरी तिसरी : वजाबाकी करा

स्पीकरची खोली पावणेचार इंच. भिंत दोन्हीकडच्या गिलाव्यासकट साडेपाच. उरले पावणेदोन. कागदावर.

मिस्त्रींनी कागद बघितला नाही. "काळजीच करू नका," म्हणाले. हे वाक्य कानावर आलं की काळजीला सुरुवात करावी. त्यांनी कटरने चौकट आखून घेतली, धुळीने घर पांढरं केलं, मग ब्रेकर लावला. पहिल्या तीन इंचांपर्यंत सगळं कृतीप्रमाणे झालं. मग आवाज बदलला. ठक ठकचं ठप ठप झालं, विटेचा एक अर्धुक हलला, पलीकडे गेला, आणि तिकडे स्टीलचा काहीतरी ऐवज मांडणीवरून खाली येऊन बराच वेळ गोल फिरत राहिला.

धूळ बसली. भोकातून उजेड आला. उजेडामागून लसणाच्या फोडणीचा वास. मग एक डोळा.

"मिस्त्री," पलीकडून काकी म्हणाल्या, "चहा टाकलाय. देऊ का इथूनच?"

अशा वेळी नवशिक्याने चहा घ्यावा. भोक बुजवण्याची घाई करू नये, कारण त्यानंतर काकींच्या जागी आबा येतात. आमचे चुलते वाटणी झाल्यापासून माझ्याशी फक्त तिसऱ्या माणसाच्या तोंडून बोलत. त्या दिवशी तिसरा माणूस म्हणून भोक चाललं. त्यांच्या हातात ग्रामपंचायतीचा उतारा होता, आणि त्यांची वजाबाकी माझ्यापेक्षा चोख होती. भिंत साडेपाचची, सामाईक. निम्मी पावणेतीन. स्पीकर पावणेचारचा. सबब एक इंचाचं अतिक्रमण, दोन ठिकाणी. उताऱ्यावर भिंतीच्या जाडीची नोंद कुठेच नसते, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. "नसंना," आबा भोकाला म्हणाले, "आमच्या मापाला टेप हाय."

पायरी तिसरी, पुन्हा

भोक बुजवा. यासाठी वीट लागते, सिमेंट लागतं, आणि आपली चूक झाली असं एकदा मोठ्याने म्हणावं लागतं. ते झालं की सामाईक भिंतीला हात न लावता आपल्याच बाजूला दुसरी खोटी भिंत उभी करायची. खरं तर सुरुवात इथूनच करायला हवी होती, पण तसं लिहिलं असतं तर तुम्ही कृती वाचली नसती.

पत्र्याच्या चॅनलची चौकट घ्या. ती जमिनीला आणि वर तुळईला धरेल, मागच्या भिंतीला नाही. दोहोंत इंचभर फट राहू द्या. स्पर्श झाला की थरथर पलीकडे पोचते आणि मधला सगळा खर्च वाया जातो. चौकटीत, स्पीकरच्या जागी, अठरा मिलीमीटर प्लायची बावीस लिटरची पेटी. बाकी पोकळीत दोन इंची रॉकवूल. वरून साडेबारा मिलीमीटरचे जिप्सम बोर्ड, एकावर एक दोन, वरच्याचा सांधा खालच्याच्या सांध्यावर न आणता. हे सगळं मिळून खोलीतले जवळजवळ सात इंच जातात. मी वाटणीत मिळालेली जागा आपणहून सोडली, असा या सात इंचांचा अर्थ भावकीत लावला गेला, आणि आबांनी मला वाटणीनंतर पहिल्यांदा नावाने हाक मारली.

पायरी चौथी : आवाज कोंडा, म्हणजे नेमकं काय करा

इथे सल्ले येऊ लागतील. थर्माकोल लाव. अंड्याचे ट्रे लाव, पोल्ट्रीवर ढिगाने पडलेत. तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातला एक पाहुणा म्हणाला, भाताचं तूस भर, फुकट मिळतं. गोधडी टांग, असं आजी म्हणाली. यातला एकही सल्ला मूर्खपणाचा नाही, फक्त ते दुसऱ्याच दुखण्याचं औषध आहे.

आवाज शोषणं वेगळं आणि अडवणं वेगळं. रिकाम्या खोलीत बोललं की घुमतं, तिथे गोधडी टांगली की घुमणं थांबतं. बारीक, चिरका आवाज कापसात, लोकरीत अडकतो आणि विरतो. पण गोधडीआडून लेझीमचा ढोल अडवून बघा. पन्नास हर्ट्झचा जाड आवाज घ्या. हवेत त्याची एक लाट जवळजवळ सात मीटर लांब, म्हणजे आमच्या आख्ख्या माजघरापेक्षा मोठी. दोन इंचांची लोकर तिला दिसतसुद्धा नाही. तिला अडवायला वजन लागतं. भिंतीचं वजन दुप्पट केलं तर आवाज पाच-सहा डेसिबलने उतरतो, आणि कानाला 'आता निम्मा झाला' असं वाटायला दहा उतरावे लागतात. पणजोबांच्या दोन फुटी भिंतीला हे गणित कधी मांडावं लागलं नाही. ती नुसती उभी होती. श्रावणी सोमवारी भीमाशंकरच्या गाड्या दारावरून रात्रभर हॉर्न मारत जातात, आणि त्या भिंतीमागे आजी घोरत पडलेली असते.

थर्माकोलला वजनच नाही, त्यामुळे त्याने आवाज अडत नाही. अंड्याच्या ट्रेने खोली फक्त पोल्ट्रीसारखी दिसते. तूस मी एका पोकळीत भरून बघितलं. आठ दिवसांत आतून इतका आवाज यायला लागला की स्पीकरची गरजच उरली नाही. ते उंदीर होते, आणि त्यांनी स्पीकरची वायर चवीला घेऊन पाहिली होती. रॉकवूल दगड वितळवून ओढलेलं असतं. ते कुणी खात नाही. हातमोजे आणि तोंडाला फडकं बांधून भरा, नाहीतर चार दिवस कोपर खाजवत बसाल आणि लोक खाजखुजलीच्या झाडांची चौकशी करतील.

आणि फटी. आवाज पाण्यासारखा आहे, रांजण कितीही जाड असला तरी तळाच्या एका भोकातून तो जातो. बोर्डाच्या चारी कडा सिलिकॉनने बुजवा. सामाईक भिंतीत दोन्ही घरांच्या लाईटच्या बोर्डांच्या पेट्या पाठीला पाठ लावून बसवलेल्या असतात, कारण वायरमन एकच होता आणि त्याचं एकाच खोदाईत भागलं. त्या पेट्या म्हणजे उघड्या खिडक्या. आमच्या घरातलं कुठलं भांडण काकींना किती वाजता कळलं याचा हिशेब मला तेव्हा लागला. पेटीच्या पाठीला पुट्टी थापा. आपल्या बाजूने थापली तरी चालते, आणि पलीकडच्यांना सांगायची गरज नसते.

पायरी पाचवी : वायर

दीड एमएमची दोनतारी वायर पुरते. लाईटच्या वायरच्या पाईपातून ती नेऊ नका, हातभर लांब ठेवा, आणि ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. नाहीतर स्पीकरमधून अखंड भुणभुण येते. जुन्नर तालुक्यात खोडदच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशातली कुजबुज ऐकत बसल्या आहेत. तिकडे रेडिओलहरींचा गोंगाट कमी, म्हणून ती जागा निवडली गेली. आमच्या माजघराची निवड अशा कुठल्याच निकषावर झालेली नाही. तिथे फ्रिज, मिक्सर, इन्व्हर्टर आणि बोअरच्या मोटरचा स्टार्टर हे सगळं सहा फुटांत आहे.

दोन्ही स्पीकरची लाल-काळी बाजू नीट जोडा. शंका असेल तर भिंतघड्याळातला शेल काढा आणि वायरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. अधिकला अधिक लागलं असेल तर पडदा पुढे उडी मारतो, उलटं असेल तर आत जातो. हे डोळ्याने बघण्यासारखं आहे, काळा कागदी पडदा बेडकाच्या गळ्यासारखा एकदा फुगतो आणि बसतो. एक स्पीकर उलटा जोडला गेला तर तो बिघडत नाही, बंदही पडत नाही. एक पुढे आला की दुसरा मागे सरतो. दोघेही पूर्ण ताकदीने राबतात आणि मध्ये बसलेल्याच्या पदरात जाड आवाज पडतच नाही, नुसती किरकिर. आमचा असाच जोडला गेला होता. वायरमनने तारा उलटवून दिल्या, आणि मिस्त्री माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "तुमचं आन् आबांचं असंच करता आलं असतं."

घड्याळात शेल परत घाला.

उंचीबद्दल कागद म्हणतो, बारीक आवाजाचा छोटा पडदा बसलेल्या माणसाच्या कानाच्या रेषेत हवा. बसलेला माणूस कोण, हे आधी ठरवा. वडील दिवाणावर, पोरं सतरंजीवर, आई उंबऱ्यावर शेंगा फोडत, आजी आडवी. आम्ही दिवाणाच्या हिशेबाने साडेतीन फुटांवर बसवला. त्यावरून झालेल्या चर्चेत मी पडत नाही.

पायरी सहावी : रंग

स्पीकरवरची जाळी भिंतीच्या रंगात रंगवता येते आणि मग स्पीकर दिसेनासा होतो. जाळी काढून, मागचं कापड उचकटून, पातळ रंगाचा फवारा मारायचा. हे रंगाऱ्याला सांगा, लिहून द्या, आणि तो काम करत असताना तिथून हलू नका. मी बाजाराला गेलो. परत आलो तर भिंत आरशासारखी गुळगुळीत, जाळीच्या हजार भोकांत पुट्टी भरून, घासून, वर दोन हात डिस्टेंपर. "लई खड्डे व्हते," रंगारी म्हणाला, "भरून घेतले. त्याचे जास्त पैसे नाय लावले." तीन रात्री आम्ही सगळे टाचणी घेऊन बसलो होतो.

स्पीकर खरंच दिसेनासा झाला तर दुसरं संकट. वडिलांनी जानेवारीत नवं कालनिर्णय आणलं आणि भिंतीवर पहिली मऊ जागा दिसली तिथे खिळा ठेवला. हातोडी वर गेलेली असताना मी पोचलो. तेव्हापासून डाव्या स्पीकरवर पेन्सिलने बारीक फुली आहे आणि उजव्यावर आजोबांचा फोटो. फोटोमागे रबराचे चार तुकडे चिकटवलेत, कारण ढोलकी सुरू झाली की आजोबा थरथरायचे आणि आजी हात जोडायची.

पायरी सातवी : चाचणी

२००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, अशी मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. जत्रेत हे आकडे कुणी मनावर घेत नाही. घरात घ्या. पहिलं काय लावायचं यावर मतदान नको. आमच्याकडे बायकोला गाणी हवी होती, पोराला सिनेमा, आजीला हरिपाठ. प्रत्यक्षात त्या भिंतीतून निघालेला पहिला आवाज वडिलांच्या मोबाईलवरचा कांद्याच्या बाजारभावाचा होता, बारा हजार रुपयांच्या अँप्लिफायरवर, जाड, खर्जातला, जणू साक्षात भैरोबाच बोलतोय. भाव पडलेले होते.

आता कोंडण्याची चाचणी. आवाज नेहमीएवढा ठेवून एकाने पलीकडच्या घरी जाऊन ऐकायचं. मी काकींच्या स्वयंपाकघरात जाऊन मांडणीपाशी उभा राहिलो. भिंतीला कान लावला. काहीच नाही. पुसटशी धकधक, तीही बहुधा फ्रिजची.

"बंद केला का काय?" काकींनी विचारलं.

"नाही. चालू आहे. आवाज अडवलाय."

"का?"

याचं उत्तर कृतीत दिलेलं नाही.

"रोज सकाळच्याला तुमच्याकडचा अभंग ऐकत भाकऱ्या थापते मी," काकी म्हणाल्या. "आता येळ कसा कळायचा?"

त्यामुळे शेवटची दुरुस्ती अशी. लाईटच्या बोर्डामागची पुट्टी, जी पलीकडच्यांना न सांगता थापली होती, ती स्क्रूड्रायव्हरने बोटभर कोरून काढा. सकाळी साडेपाचला तेवढी पुरते. पलीकडून एकदा ठक झालं तर आवाज कमी करायचा. दोनदा झालं तर वाढवायचा. तीनदा झालं तर आबा विचारतायत, लाईट फक्त आमचीच गेली का तुमचीपण.